पायरीवर वाचलेली पत्रं

अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण युद्धाच्या त्या वर्षी आमच्या खोऱ्यात गव्हर्नरला पत्र लिहिण्याची साथच आली होती. मीठ मिळालं नाही, लिहा गव्हर्नरला. नवरा व्हर्जिनियात लढाईवर तापाने पडलाय, घरी सोडा म्हणून लिहा. शेजारणीचं डुक्कर आपल्या रताळ्यांत घुसलं, तेही लिहा. तिकडे राजधानीत, रॅलेला, तो माणूस आपलं पत्र हातात धरून डोळे पुसत बसलाय, असं प्रत्येकीला वाटायचं. नवस बोलावा तसं होतं ते. बोलणारी एक आणि ऐकणारा एक, मध्ये तिसरं कुणी नाही.

लिहिता येणाऱ्या बायका आमच्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली सगळ्यांत नीट लिहिणारी म्हणजे माझी थोरली जाऊ, सालोमी सिग्मन. कुणाचंही पत्र लिहून द्यायची. त्याबद्दल घ्यायची काही नाही, पण ऐकवायची भरपूर. "अगं, 'नवऱ्याला पाठवून द्या' काय? पोतं आहे का तो? 'घरी येण्याची परवानगी द्यावी' असं म्हण." ताठ बाई. नवरा गेला तेव्हासुद्धा तिने मान खाली घातली नव्हती. तिच्याबद्दल हे सगळं सांगायला मला जड जातं. आपलेच दात, आपलेच ओठ.

आदल्या हिवाळ्यात मिठाचं प्रकरण झालं. सैनिकांच्या घरांसाठी गव्हर्नरने मीठ पाठवलं होतं. त्याचा कागद आला तो आमच्या होमगार्डच्या, म्हणजे गावातच राहून भरती नि पहारा बघणाऱ्या तुकडीच्या, कॅप्टन शूफर्डच्या हाती. कागद त्याच्या खिशात पडून राहिला आणि तोवर मीठ त्याच्या मेव्हण्यांच्या नि चुलतभावांच्या घरी डुकराच्या मांसाला, ते टिकावं म्हणून, चोळून झालं. आमच्या वाट्याला पोत्याच्या तळची धूळ. मग होमगार्डच्या हजेरीच्या शनिवारी, सगळं खोरं चर्चसमोर जमलेलं असताना, सालोमी पायरीवर चढली.

"कॅप्टन, तुमचा खिसा फारच खोल आहे हो. गव्हर्नरचा कागद आत पडला की वर यायला महिना लागतो."

लोक हसले. कॅप्टन लाल झाला.

"यापुढे रॅलेचा कागद घरी फोडायचा नाही," ती म्हणाली. "इथे फोडायचा, सगळ्यांच्या देखत. आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचायचा. मधलं गाळायचं नाही."

कॅप्टनला बायबलवर हात ठेवून कबूल करावं लागलं. तेव्हापासून तसंच चालू झालं. पाकिटं सीलबंद यायची, पायरीवर फुटायची. आम्हाला सालोमीचा केवढा अभिमान वाटला होता!

आता लोहाराबद्दल. खोऱ्यात लोहार एकच उरला होता, इफ्राईम क्लाईन. दांडगा, बडबड्या, चर्चमध्ये सगळ्यांच्या वरच्या पट्टीत आणि सगळ्यांहून बेसूर गाणारा. सालोमीचा नवरा डॅनियल छावणीतल्या तापाने गेला, तेव्हा त्याची शवपेटी रेल्वे स्टेशनपासून घरी आणली ती इफ्राईमनेच, स्वतःच्या गाडीतून, गुडघाभर चिखलातून. पेटी उतरवून तो सालोमीच्या स्वयंपाकघरात बसला. मी त्याला भाजलेल्या राय धान्याची कॉफी दिली. खरी कॉफी कुणी कधीची पाहिली नव्हती. सालोमी भिंतीकडे बघत उभी होती. तिला काहीतरी सांगायचं म्हणून, तिच्या दुःखाला उतार पडावा म्हणून, तो बोलला.

"सालोमी, हे भांडण आपलं नाहीच गं. शूफर्डच्या भावाच्या घरी वीस गुलाम आहेत म्हणून कायद्याने त्याला भरतीतून सूट, आणि डॅनियल तिकडे ताप येऊन मेला. मूर्ख आहोत आपण. मला न्यायला आले ना, तर मी डोंगरात पळून जाईन."

त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. त्या वीस जणांना या युद्धाबद्दल काय वाटतं हे त्यानेही विचारलं नाही, मीही नाही. तो विचार मला फार उशिरा आला. त्या दिवशी मात्र सालोमी पहिल्यांदा खुर्चीवर बसली आणि रडली, आणि इफ्राईमने तिला पोटभर रडू दिलं.

पुढे वसंतात नवा कायदा निघाला आणि भरतीचं वय दोन्ही बाजूंनी ताणलं. सालोमीचा एकुलता एक मार्कस त्यात सापडला. छातीचा कमकुवत पोरगा, नांगरामागे चार तास चालला की खोकला सुरू. सालोमीने गव्हर्नरला लिहिलं. बाप गेलाय, एकच मुलगा आहे, जमीन पडून राहील. इतकं सुंदर पत्र तिने आयुष्यात लिहिलं नसेल. उत्तर आलं नाही. मार्कस लढाईला गेला. जाताना त्याने बापाचा कोट घातला होता आणि त्याच्या बाह्या त्याला लांब होत होत्या.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत भरतीत इफ्राईमचं नाव निघालं. खोऱ्यात एकच हाहाकार. फाळ कोण ठोकणार? खेचरांना नाल कोण मारणार? बायकाच नांगरत होत्या, आणि मोडका फाळ घेऊन कुठे जायचं? ठरलं की इफ्राईमला सूट द्या म्हणून सगळ्या बायकांनी मिळून अर्ज करायचा. लिहिणार कोण? सालोमीच. तिच्याच स्वयंपाकघरात सगळ्या जमलो. तिने लिहिलं, आम्ही खाली सहीऐवजी ओळीने फुल्या मारल्या आणि तिने प्रत्येक फुलीपुढे नाव घातलं. स्वतःची सही सगळ्यांत शेवटी केली.

शाई वाळत होती. इफ्राईमची बायको सेलेना त्या कागदाकडे बघत म्हणाली, "देवाची कृपा गं बाई. निदान माझा तरी घरी राहील."

वाईट हेतूने नाही बोलली. आनंदात माणसाला दुसऱ्याचं घर दिसत नाही. मी सालोमीकडे पाहिलं. ती लेखणी पुसत होती, बराच वेळ.

महिनाभराने, हजेरीच्या शनिवारी, रॅलेहून जाड पाकीट आलं. चर्चसमोर जत्रेसारखी गर्दी. इफ्राईम पुढेच उभा, हात छातीवर, शेजारी सेलेना. कॅप्टनने सील फोडलं. आत दोन कागद होते. एक आमचा अर्ज, सगळ्या फुल्यांसकट.

"आपलाच कागद आपल्याला परत?" मागून कुणीतरी म्हणालं. "पसंत नाही पडला वाटतं, पोरगी परत पाठवतात तसा!"

हशा पिकला. कॅप्टनने दुसरा कागद उघडला आणि आपल्या हेंगाड्या आवाजात सुरुवात केली.

"'माननीय गव्हर्नर साहेब, एका विधवेची ही विनंती कृपा करून आपल्यापाशीच ठेवावी.'"

"ही कोण नवी विधवा?" पुन्हा हशा.

"'आमच्या लोहाराला सूट मिळावी असा अर्ज आपल्याकडे आला असेल. त्यावरच्या फुल्या शेजारधर्मापोटी मारलेल्या आहेत. नांगर धरणारे हातच इथून गेले, तर फाळ कुणासाठी ठोकायचे? गरिबाचा अशक्त मुलगा जातो आणि बैलासारखा माणूस घरी राहतो, हा न्याय नाही.'"

आता हशा थांबला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोण गं? कोण असेल? मलाही कळलं नव्हतं. खरं सांगते, त्या वेळी मनात मी दुसऱ्याच एकीवर संशय घेतला होता, आणि तोही चुकीचा.

"'हा मनुष्य एकनिष्ठ नाही. तो म्हणतो, हे भांडण आपलं नाही. लढायला जातात ते मूर्ख. मला न्यायला आले तर मी डोंगरात पळून जाईन. हे मी माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.'"

ते स्वयंपाकघर, ती कॉफी, भिंतीकडे बघणारी पाठ. तिघांत झालेलं बोलणं आता सगळं खोरं ऐकत होतं. मी इफ्राईमकडे पाहिलं. त्याचे हात छातीवरून खाली आले होते.

कॅप्टन थांबला. त्याने खालची सही पाहिली आणि कागद दुमडायला लागला. मिठाचा राग त्याच्या मनात असणारच, तरी त्या क्षणी त्यालाही ते नाव उच्चारवेना. त्याचं हे एक चांगलं मला विसरता येत नाही.

"नाव वाचा!" मागून आरडाओरडा. "कोण आहे ती? नाव!"

"वाचा, कॅप्टन," सालोमी म्हणाली. ती माझ्याच शेजारी उभी होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मधलं गाळायचं नाही. नियम माझाच आहे."

त्याने नाव वाचलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिला वाटलं होतं, पत्र रॅलेला गेलं की गव्हर्नरच्या खणात जाईल. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं. तिथे रोज इतकी पत्रं येतात की ती पाठीवर एक ओळ लिहून ज्या गावची त्या गावच्या कॅप्टनकडे चौकशीला परत धाडतात, हे कुणाला ठाऊक होतं? पाठीवरची ओळ कॅप्टनने वाचली. 'कॅप्टनने खरंखोटं करावं. खरं असल्यास मनुष्यास त्वरित छावणीत पाठवावं. खोटं असल्यास अर्ज मान्य.'

कॅप्टन पायरीवरून खाली उतरला. त्यालाही लोहार हवाच होता.

"इफ्राईम, तू हे बोलला नसशील तर नाही म्हण," तो म्हणाला. "तेवढंच लिहून पाठवतो. बाईचं डोकं नवरा गेल्यापासून ठिकाणावर नाही, असंही लिहीन. नाही म्हण, संपलं."

सेलेनाने नवऱ्याचा दंड धरला होता. "म्हण ना. इफ्राईम, म्हण."

इफ्राईमने सालोमीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. मी तिला तशी त्याआधी कधी पाहिली नव्हती आणि मला ती बघवेना.

"बोललो," इफ्राईम म्हणाला.

"अरे गाढवा!" कॅप्टन ओरडला.

"मग काय, चर्चच्या पायरीशी उभा राहून तिला वेडी ठरवू? बोललो मी. तिच्या दुःखाच्या वेळी बोललो." आणि मग सालोमीला, अगदी हळू, "तुला बरं वाटावं म्हणून बोललो होतो गं."

त्याने तिला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. सोमवारी तो छावणीत गेला. डोंगरात पळाला नाही.

त्यानंतर खोऱ्यातल्या बायकांनी जे केलं त्याचीही मला लाज वाटते. सालोमीशी कुणी भांडलं नाही. कुणी दगड मारला नाही. एके सकाळी तिच्या फाटकाशी एक मोडका फाळ ठेवलेला दिसला. दुसऱ्या दिवशी एक कुदळ, दांड्यातून निखळलेली. मग नाल, बिजागऱ्या, पाय तुटलेली लोखंडी भांडी. कोण ठेवून जायचं ते दिसायचं नाही. ढीग फाटकाच्या निम्म्या उंचीला आला. कुणी बोलत नव्हतं, पण म्हणणं स्पष्ट होतं. लोहार घालवलास, आता तूच ठोक.

"उचलून टाकू का गं हे?" मी तिला विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "ज्याचं त्याला लागेल."

दारातून बाहेर जायला तिला त्या लोखंडाला वळसा घालावा लागायचा. ती घालायची. तिच्याकडे पत्र लिहायला येणं बंद झालं. मी तेवढी जायची, मक्याची भाकरी नि ताक घेऊन, आणि तीही संध्याकाळी रस्ता रिकामा झाल्यावर. लोकांनी पाहू नये म्हणून. हेही सांगून टाकते.

जुलैत एक दिवस सेलेना आली. मी तिथेच होते. मला वाटलं, आता ही डोळे ओरबाडणार. ती दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"लिही," ती म्हणाली.

"काय लिहू?" सालोमीने विचारलं.

"आम्ही एवढ्या जणींनी फुल्या मारल्या, त्याने काय झालं? कागद परत. तू एकटीने लिहिलंस आणि माणूस उचलला गेला. तुझं ऐकतो तो. तर आता परत लिही. आणून दे मला माझा माणूस."

"सेलेना, तो माझं ऐकतो असं नाही गं..."

"मला शिकवू नकोस. तो व्हर्जिनियात पीटर्सबर्गला खंदकात आहे. रोज माणसं मरतायत तिथे. लिही."

सालोमी बसली. कागद घेतला. मग लिहायला लागली, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागली, कारण सेलेनाला वाचता येत नव्हतं.

"'गव्हर्नर साहेब, मी लोहार इफ्राईम क्लाईनविरुद्ध जे लिहिलं ते खोटं होतं. तो ते शब्द कधीच बोलला नाही. माझा मुलगा लढाईला गेला आणि तो घरी राहणार, या मत्सराने मी ते रचलं.'"

"तो तर सगळ्यांसमोर बोललो म्हणाला," मी न राहवून म्हटलं.

"गव्हर्नरसमोर थोडंच म्हणाला?" सालोमी म्हणाली. "तक्रारीचा तो कागद अजून माझाच आहे. खोटी मी झाले तर तो सुटेल." मग ती सेलेनाकडे वळली. "हे परत इथेच येईल हं. पायरीवर वाचलं जाईल. आधी चुगलखोर होते, आता खोटारडी होईन."

"होशील," सेलेना म्हणाली.

"होईन," सालोमी म्हणाली आणि सही केली. अक्षर पहिल्यासारखंच सुंदर होतं, त्याचा मला राग आला.

सप्टेंबरच्या हजेरीला पाकीट आलं. मधल्या काळात मार्कसचं एक पत्र आलं होतं, तो धडधाकट होता. इफ्राईमचं काहीच नव्हतं. सेलेना सगळ्यांच्या पुढे उभी, नवा एप्रन घालून. कॅप्टन आणि त्याचा खिसा यांना आता कुणी हसत नव्हतं. त्याने सील फोडलं आणि वाचायला लागला. खोटं होतं, मी रचलं, मत्सराने. सालोमी गर्दीत मागे न राहता पुढे आली होती, सेलेनाच्या शेजारी. लोकांनी कुजबुज केली. एका म्हातारीने थुंकल्यासारखं केलं.

मग कॅप्टनने कागद उलटा केला. त्याने पाठीवरची ओळ आधी मनातल्या मनात वाचली, ते मला त्याच्या ओठांवरून कळलं. त्याने वर पाहिलं.

"गाळू नका," सेलेना म्हणाली.

"'हीच स्त्री, याच अक्षरात,'" कॅप्टन वाचू लागला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज हेंगाडा वाटला नाही, "'याच माणसासाठी अर्ज लिहिते, मग त्याच्याविरुद्ध लिहिते, आता पुन्हा त्याच्या बाजूने लिहिते. हिच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही. विनंती नामंजूर. यापुढे हिची पत्रं घेऊ नयेत.'"

सेलेना वळली. मला वाटलं, ही आता सालोमीला मारणार. पण तिने हात उचलला नाही.

"खरं लिहिलंस तर त्याला नेलं," ती म्हणाली. "आणि खोटं लिहिलंस तर परत देत नाहीत."

"हो," सालोमी म्हणाली.

"मग आता कुणाला लिहायचं?"

आजपर्यंत खोऱ्यातल्या प्रत्येक बाईने हा प्रश्न सालोमीला विचारला होता आणि तिने प्रत्येकीला नाव, पत्ता, मायना सांगितला होता. ती तिथेच उभी राहिली, मान खाली घालून. सेलेनाने तिचा हात धरला नाही, पण तिच्यापासून बाजूलाही सरकली नाही. कॅप्टनने पुढच्या कागदाचं सील फोडलं. तो मक्याच्या कराबद्दल होता. तो संपेपर्यंत त्या दोघी तशाच शेजारी शेजारी ऐकत राहिल्या.